गोधडीचा आराखडा

जुन्या सुती वस्त्रांचे थर एकावर एक अंथरून ते धावदोऱ्याने, म्हणजे सुई खाली-वर नेत सरळ ओळीत घातलेल्या टाक्यांनी, एकजीव केले की जे पांघरूण तयार होते त्याला मराठीत प्रदेशपरत्वे गोधडी किंवा वाकळ म्हणतात, आणि दक्षिण सीमेपलीकडच्या कन्नड मुलखात तेच पांघरूण कौदी या नावाने ओळखले जाते. गोधडीविषयी लिहिताना तिच्या उबेची आणि ती शिवणाऱ्या हातांची आठवण निघते. मात्र कोणता तुकडा कोणाशेजारी आला, टाक्यांची ओळ कुठे वळली आणि का वळली, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. वस्तुतः या कलेची खरी परीक्षा तिथेच आहे, कारण गोधडीला नमुन्यांचे पुस्तक नाही, कापडावर आधी छापलेली आकृती नाही, आणि तरीही जुन्या गोधड्या ओळीने मांडून पाहिल्या तर त्यांत रंगांचा तोल व ओळींची लय यांचा निश्चित विचार दिसतो. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि घरातल्या वळकटीत गुंडाळून ठेवण्याच्या या वस्तूला अभ्यासविषयाचे स्थान मिळवून देण्यास हातभार लावला. आज हौसेने गोधडी शिवणाऱ्या किंवा भरतकाम करणाऱ्या व्यक्तीला नवी कल्पना कुठून घ्यावी असा प्रश्न पडतो, तेव्हा त्याचे उत्तर या जुन्या कामाच्या घडणीतच शोधणे योग्य ठरते.

पहिला आराखडा कापड स्वतः ठरवते. नऊवारी लुगडे सर्वत्र सारखे झिजत नाही. बसण्याउठण्याचा ताण ज्या भागावर पडतो तो विरत जातो, आणि दाट विणीचे काठ व पदर मात्र मधले अंग गेल्यावरही बरेच दिवस टिकतात. विरलेला भाग काढून उरलेल्या दोन अंगांना जोडून नेसण्याजोगे केलेल्या लुगड्याला दंड घातलेले लुगडे म्हणतात, आणि तो दंडही फाटला की वस्त्र गोधडीच्या वाट्याला येते. त्या वेळी बाईच्या हाती लांब पट्ट्या, धड राहिलेले काठ आणि पदराचा एखादा चौकोन एवढेच असते. म्हणून काठ आपोआप चौकट होतो, पट्ट्या मधले अंग भरतात, आणि पदराचा उठावदार तुकडा मध्यभागी किंवा उशाकडे जातो. खणाच्या चोळीतून मिळणारे तुकडे लहान व तिरपे असतात, कारण चोळी बेतताना बगलेला, बाहीला आणि गाठीच्या टोकांना कापड तिरके कापावे लागते, आणि गोधडीतले पुष्कळसे त्रिकोण या बेतण्याचेच वारस आहेत. धोतराचे पांढरे कापड अस्तराला लागते, तर आतल्या थरांत परकर, सदरे, पंचे असे जे दर्शनी बाजूला शोभणार नाही ते सारे जाते. ज्याला आज रचना म्हणून वाखाणले जाते तिचा मोठा भाग अशा रीतीने वस्त्राच्या झिजेने आणि शिंप्याच्या कात्रीने आधीच आखून दिलेला असतो. शिवणारीचे कौशल्य ते आखलेले ओळखण्यात आहे.

दुसरा आराखडा टाक्यांचा, आणि तो तुकड्यांच्या आराखड्यापेक्षा कमी लक्षात येतो, तरी सूक्ष्म आहे. शेतीची कामे आटोपल्यावर आणि पावसाला तोंड लागण्यापूर्वी, म्हणजे उन्हाळ्याच्या मोकळ्या दुपारी, जमिनीवर थर पसरतात, कोपऱ्यांवर वजने ठेवून ते ताणतात, मोठमोठे टाके घालून तात्पुरते बांधतात, आणि मग शिवणारी बाई त्या पसरलेल्या गोधडीवरच बसून कडेपासून शिवायला घेते. ओळ कडेला समांतर जाते, कोपऱ्यावर वळते आणि चारही बाजू फिरून पुन्हा आत सरकते, त्यामुळे एकात एक बसलेले आयत तयार होतात व शिवण मध्यावर येऊन संपते. टाका दोरा ओढून धरतो आणि दोन ओळींमधले कापड किंचित फुगते. या बारीक फुगवट्यांत हवा अडकते म्हणून गोधडी उबदार होते, आणि थर एकमेकांना जागोजाग धरून राहतात म्हणून ती वर्षानुवर्षे धुण्याला पुरते. पाण्यावरच्या लहरीसारखे दिसणारे गोधडीचे अंग ही नुसती शोभा नाही. दोन-तीन बायका निरनिराळ्या बाजूंनी एकाच गोधडीला बसल्या तर प्रत्येकीच्या टाक्याची लांबी आणि ओढ निराळी पडते, आणि जाणती नजर हा हात कुठे बदलला ते बोट ठेवून सांगू शकते.

थरांच्या शिवणीची ही कल्पना महाराष्ट्रापुरती नाही, परंतु प्रत्येक प्रदेशाने तिच्यातून वेगळे काढले आहे. बंगालच्या कांथेत तोच धावदोरा चित्र काढू लागतो. मध्यभागी कमळ, कोपऱ्यांत झाडे, मधल्या जागेत हत्ती, पालख्या, माणसे अशी मांडणी करून उरलेली जमीन टाक्यांनी भरली जाते, आणि गुरुसदय दत्त यांनी जमवलेल्या अशा कांथा कोलकात्याजवळ जोका येथे त्यांच्या नावाच्या संग्रहालयात जतन केलेल्या आहेत. गोधडीने चित्राचा मोह सहसा धरला नाही. ती ओळ, पट्टी आणि चौकोन यांवर राहिली, आणि हे तिचे उणेपण नसून तिची शिस्त आहे. कंथा हा संस्कृत शब्द ठिगळे जोडलेल्या वस्त्राचा, आणि त्याच्या मागे फार जुना विचार आहे. बौद्धांच्या विनयपिटकात अशी कथा येते की मगध देशातली बांधांनी विभागलेली भातशेते पाहून बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला विचारले, की भिक्षूंची चीवरे अशी करता येतील काय, आणि आनंदाने तुकडे त्या शेतांप्रमाणे जोडून चीवर बेतले. भोवतालच्या रूपावरून शिवणकामाचा आराखडा घेतल्याचे याहून नेमके जुने उदाहरण मिळणे कठीण आहे.

भरतकामाकडे वळले की प्रेरणेचा मार्ग थोडा बदलतो, कारण तिथे मोजणी येते. धारवाड व विजापूर भागातली कसुती, जी इरकली लुगड्यांमुळे दक्षिण महाराष्ट्रालाही परिचित आहे, ती कापडाचे धागे मोजून भरली जाते आणि तिच्यासाठी आकृती आधी उतरवून घेत नाहीत. तिचे चार टाके प्रसिद्ध आहेत: गवंती, ज्यात धावदोरा एकदा जाऊन त्याच वाटेने परत येतो व दोन्ही बाजूंना सारखीच रेघ उमटते; मुर्गी, म्हणजे तोच टाका पायऱ्यांसारखा नागमोडी नेलेला; नेगी, जो विणीसारखा दिसतो; आणि मेंथी, जो फुलीचा टाका असून मेथीदाण्यांवरून नाव मिळवतो. गवंतीत गाठ मारता येत नाही आणि दोरा अडकून पडू नये म्हणून परतीची वाट आधीच डोक्यात तयार असावी लागते, त्यामुळे कसुतीची आकृती हे एक प्रकारचे गणितच असते. तिच्यात गोपुर, तुळशीवृंदावन, रथ, पालखी, हत्ती, मोर यांची रूपे येतात, जी देवळाच्या वाटेवर आणि अंगणात रोज डोळ्यांसमोर असलेली आहेत. मराठी घरांत चैत्रात अंगणात रेखले जाणारे चैत्रांगण हाही असाच एक साठा आहे. शंख, चक्र, गोपद्मे, कासव, नाग, सूर्य-चंद्र, पाळणा अशी लहान लहान चिन्हे त्यात एकत्र येतात आणि त्यांतली प्रत्येक साध्या साखळी टाक्यात, म्हणजे एका फासात दुसरा फास अडकवत नेणाऱ्या टाक्यात, अडचणीशिवाय बसते. ठिपक्यांची रांगोळी तर कसुतीची सख्खी बहीणच मानावी लागेल, कारण दोहोंतही बिंदू मोजून रेषा चालते.

गोधडी-भरतकामाच्या या रीती मराठी मुलखाबाहेर, नर्मदेकाठच्या जबलपुरात, कशा बदलतात हे पाहणे उद्बोधक आहे. जबलपूर ज्यात मोडत असे ते गढा-मंडला राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी जिंकले, १७९८ मध्ये हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या युद्धानंतर इंग्रजी अमलाखाली आला. पुढे मध्य प्रांतात नागपूर व जबलपूर एकाच राजवटीत राहिली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरात आले. बदलीच्या गावी जाणाऱ्या मराठी कुटुंबाच्या सामानात वळकटी असे आणि वळकटीत गोधडी, एवढे गृहीत धरण्यास हरकत नाही. सुईदोऱ्याशी या शहराचे स्वतःचेही जुने नाते आहे, कारण वाटसरूंना लुटणाऱ्या ठगांचा बंदोबस्त झाल्यावर इंग्रज अधिकारी स्लीमनच्या पुढाकाराने १८३७ मध्ये इथे जी उद्योगशाळा निघाली तीत पूर्वीचे ठग व त्यांची मुले तंबू आणि गालिचे करीत. अलीकडच्या काळात सलवार-सूट शिवण्याचा धंदा शहरात मोठ्या प्रमाणावर वाढला, आणि जिथे ठाणेच्या ठाणे कापड बेतले जाते तिथे कातरणाचे, म्हणजे कापून उरलेल्या तुकड्यांचे, ढीग पडतात. गोधडीच्या दृष्टीने हा पुरवठा जुन्या लुगड्याहून मुळातच निराळा आहे: तुकडे कोरे, रंग भडक, एकाच छापाचे शेकडो, आणि आकार गळ्याच्या व बाहीच्या कापामुळे वक्र. अशा वक्र तुकड्यांना सरळ कापून चौकोन करण्याची घाई न करता त्यांचा कमानीसारखा बाक तसाच ठेवला, तर जुन्या गोधडीत नसलेली रचना त्यांतून निघू शकते.

शहराच्या कडेला, अधारताल आणि व्हेईकल फॅक्टरीच्या परिसरात असलेली रिछाई ही औद्योगिक वसाहत प्रथमदर्शनी अशा विचाराला प्रतिकूल वाटते, कारण तिथे शेड, गोदामे, ट्रक आणि लोखंड यांचे राज्य आहे. परंतु पत्र्याच्या छपरांच्या समांतर पन्हळी, शटरच्या आडव्या पट्ट्या, ट्रकवरच्या ताडपत्रीला जाळीसारखे आवळलेले दोर ही रूपे गोधडीच्या ओळींना परकी नाहीत. मगधाच्या शेतांनी जे काम केले ते या पन्हळींनीही करायला हरकत नाही. त्याच जबलपूरच्या दुसऱ्या टोकाला भेडाघाटचे संगमरवरी कडे आहेत, ज्यांच्या पांढऱ्या अंगातून गडद शिरा जातात, आणि टेकडीवर कलचुरी काळातले चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर आहे, ज्याच्या भिंतीलगत ऐंशीहून अधिक कोनाडे एकाच मापाने फिरत जातात. कोनाड्यांची ही माळ गोधडीच्या किनारीला जवळची वाटते, कारण दोन्ही ठिकाणी एकच माप पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक वेळी आतला मजकूर मात्र बदलतो.

जबलपूरहून मंडला-दिंडोरीकडे गेले की गोंडांच्या घरांच्या भिंतींवर ढिगना दिसतो, म्हणजे सण व लग्नप्रसंगी छुई माती, गेरू आणि काळी माती यांनी काढलेली त्रिकोण, चौकोन व रेघांची नक्षी. हस्तकलेच्या दृष्टीने तिचे महत्त्व मोठे आहे, कारण ती जवळजवळ जशीच्या तशी तुकड्यांच्या गोधडीत उतरवता येईल इतकी भूमितीने बांधलेली आहे. पाटणगढच्या जनगढ सिंह श्याम यांनी भोपाळच्या भारत भवनाच्या आश्रयाने गोंड चित्रकलेला कागद व कॅनव्हासवर नेले, आणि त्यांच्या मागून आलेल्या चित्रकारांनी आकृतीचे अंग भरण्यासाठी ठिपके, तुटक रेघा, अर्धवर्तुळे यांची आपापली खूण ठरवली, जिच्यावरून चित्र कोणाचे ते ओळखता येते. हे भरण आणि धावदोरा यांत तत्त्वाचा फरक नाही, कारण दोहोंतही लहान तुटक खुणांच्या ओळींनी जागा जिवंत केली जाते. मात्र कुणाची व्यक्तिगत खूण उचलून ती उशीच्या अभ्र्यावर छापावी याला प्रेरणा म्हणता येणार नाही. भरतकाम करणाऱ्या व्यक्तीने त्यातून घ्यायचे ते एवढेच, की जागा भरण्याची स्वतःची एक रीत शोधावी आणि ती धरून राहावे.

हाताशी असेल त्यातून आराखडा घेण्याची ही रीत किती दूरवर सारखी आहे याची दोन उदाहरणे देण्याजोगी आहेत. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या खेड्यातल्या कृष्णवर्णीय स्त्रिया झिजलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या करीत, आणि १९७० च्या दशकात त्यांच्या सहकारी संस्थेला एका मोठ्या दुकानासाठी कॉर्डुरॉयचे उशीचे अभ्रे शिवण्याचे काम मिळाले, तेव्हा उरलेल्या कॉर्डुरॉयने त्यांच्या गोधड्यांचे रंगरूपच बदलले. त्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टन व न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या. दुसरे उदाहरण घराजवळचे आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर भागातले सिद्दी, ज्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणले होते, ते आपल्या गोधडीला कवंदी म्हणतात. तीही कडेपासून आत शिवली जाते, आणि पुरी होताना तिच्या कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुले बसवतात. फुलांवाचून कवंदी उघडी राहते अशी तिथल्या स्त्रियांची धारणा आहे. कोपऱ्यावरचे ते फूल कुणा ग्राहकाने मागितलेले नसते.

बाजारात आज गोधडीसारखी दिसणारी छापील चादर मिळते, जिच्यावर तुकडे आणि टाके दोन्ही रंगाने काढलेले असतात, आणि तिचे आकर्षण समजण्यासारखे असले तरी तिच्यापासून शिकण्यासारखे काही नाही, कारण तिच्यातली कोणतीही रेघ कापडाने भाग पाडलेली नाही. शिकायचे असेल तर फाटत आलेली खरी गोधडी उलटीकडून पाहावी. जुन्या घरांत पार विरलेली गोधडी टाकून देत नाहीत, ती नव्या गोधडीचा आतला थर होते. मग कधी तरी वरचे कापड एखाद्या ठिकाणी फाटते, आतली गोधडी तिच्या टाक्यांसह दिसू लागते, आणि शिवणारी बाई तो रंग न्याहाळून, त्याला जुळेल असे ठिगळ गाठोड्यात शोधू लागते.