ग्रामीण ब्रॉडबँड व्यवस्थेतील नेतृत्व : समानुभूती आणि परिश्रम

प्रास्ताविक

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका हे अकोला–पूर्णा लोहमार्गावरील एक स्थानक आहे. २००८ मध्ये या मार्गाचे मीटरगेजमधून ब्रॉडगेजमध्ये रूपांतर पूर्ण झाले. रूळ रुंद झाले, तरी गाडी आपल्या स्थानकावर थांबली तरच प्रवाशाला त्याचा लाभ होतो. ब्रॉडबँडचेही तसेच आहे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याच्या योजनेस मान्यता दिली. पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखल्या गेलेल्या या योजनेचे उद्दिष्ट सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडणे हे होते. तथापि फायबर ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचले म्हणून ते तांडा, वाडी, शाळा आणि आरोग्य उपकेंद्र येथे पोहोचले असे होत नाही. हा अखेरचा टप्पा नेतृत्वाची खरी कसोटी पाहतो.

समानुभूतीचा अर्थ

समानुभूती म्हणजे कणव नव्हे. दुसऱ्याच्या जागी उभे राहून त्याची अडचण समजून घेणे आणि त्यानुसार आपला निर्णय बदलणे, असा तिचा अर्थ आहे. विरळ वस्ती व हंगामी उत्पन्न असलेल्या गावात प्रतिग्राहक खर्च वाढतो. म्हणून केवळ नफ्याचा हिशेब करणारी व्यवस्था असे गाव वगळते. समानुभूती बाळगणारे नेतृत्व गाव वगळण्याऐवजी खर्च कमी करण्याचा मार्ग शोधते.

पालघरचा प्रयोग

आयआयटी मुंबईचे तत्कालीन प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखालील 'ग्राममार्ग' प्रकल्प हे याचे बोलके उदाहरण होय. दूरचित्रवाणीसाठी राखीव असलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील १५ वाहिन्यांपैकी किमान १२ वाहिन्या देशात जवळजवळ सर्वत्र रिकाम्या आहेत, असे या संस्थेतील संशोधकांच्या अभ्यासात आढळले. या पट्ट्यातील लहरी झाडी व चढउतार यांतून तुलनेने सहज जातात. पालघर जिल्ह्यातील खामलोली परिसरात सात गावपाड्यांवर या तंत्राची चाचणी घेण्यात आली. पुढील टप्प्यात परवानामुक्त ५.८ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील उपकरणे वापरून २५ गावांपर्यंत जोडणी नेण्यात आली. या पट्ट्यास दोन टोकांमध्ये सरळ दृष्टिरेषा लागते. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी मनोऱ्याची उंची, झाडांचा अडथळा आणि विजेची उपलब्धता प्रत्यक्ष पाहावी लागते. येथे परिश्रमाला पर्याय नसतो.

प्रकल्पाचे आर्थिक प्रारूपही विचारात घेण्याजोगे आहे. त्यात ग्रामपंचायतीस केवळ लाभार्थी न मानता गुंतवणूकदार भागीदार मानले आहे, तर दैनंदिन देखभाल स्थानिक उद्योजकाकडे सोपविली आहे. २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या स्पर्धेत या प्रकल्पास १,२५,००० डॉलरचा प्रथम पुरस्कार मिळाला. डॉ. सर्बानी बॅनर्जी बेलूर यांचाही या कार्यात महत्त्वाचा सहभाग होता.

व्यवहारातील कसोटी

जोडणी खंडित झाल्याची नोंद नियंत्रण कक्षात एका ओळीची असते. गावात तिचे परिणाम अनेक होतात. रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्रावर बोटाचा ठसा पटला नाही, तर धान्यासाठी आलेल्या मजुरास पुन्हा यावे लागते आणि त्याचा रोज बुडतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत विद्यार्थ्यासाठी थांबत नाही. म्हणून 'किती किलोमीटर फायबर टाकले' या प्रश्नाइतकाच 'बिघाड किती तासांत दुरुस्त झाला' हा प्रश्नही नेतृत्वाने विचारला पाहिजे. पावसात खांबावर चढणाऱ्या तंत्रज्ञाची सुरक्षितता व त्याचे वेळेवर मिळणारे वेतन यांचाही समानुभूतीच्या कक्षेत समावेश होतो.

समारोप

परिश्रमाविना समानुभूती ही सदिच्छा ठरते. समानुभूतीविना परिश्रम केवळ उद्दिष्टपूर्तीचा आकडा देतात. वाशीम जिल्ह्याचा समावेश २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांत झाला. अशा जिल्ह्यात ग्रामीण महाविद्यालयांना जवळच्या गावांतील जोडणीची स्थिती, बिघाडाचा कालावधी व वापरातील अडचणी यांची विद्यार्थ्यांकरवी नियमित नोंद ठेवता येईल. अशी नोंद पंचायत व सेवा पुरवठादार या दोघांसमोर ठेवली गेली, तर जऊळक्यासारख्या गावांची गरज अंदाजाने नव्हे, पुराव्याने मांडली जाईल.