उंदरिणीला पाळी येत नाही

सकाळी सव्वासहा

नवनगरच्या बीआरटीएस थांब्यावर मी चिगरी बसमध्ये चढते, तेव्हा त्याच दारातून फायली आणि एक्स-रेची मोठी पाकिटं घेतलेली माणसं उतरतात. कर्नाटक कॅन्सर थेरपी अँड रिसर्च इन्स्टिट्यूट इथे नवनगरातच आहे, आणि लांबून आलेल्यांना नंबर लवकर लावायचा असतो. त्यांतल्या काही बायकांच्या पिशवीत लेट्रोझोलच्या गोळ्या असतील. पाळी गेलेल्या बाईला स्तनाचा कर्करोग झाला की शरीरात इस्ट्रोजेन तयार होऊ नये म्हणून ही गोळी रोज देतात. तेच लेट्रोझोल पाजून आम्ही अ‍ॅनिमल हाऊसमधल्या धडधाकट उंदरिणींना आजारी पाडतो आणि मग अशोकाच्या सालीचा काढा देऊन त्या बऱ्या होतात का ते बघतो. माझं काम एवढंच. घरी ते कुणाला नीट समजलेलं नाही. आई अजून शेजारणींना सांगते, "ती कॉलेजात उंदीर सांभाळते."

पावणेसात

विद्यानगरातलं कॉलेज झोपलेलं असतं, पण अ‍ॅनिमल हाऊसमधले दिवे सहालाच लागलेले असतात. बारा तास उजेड, बारा तास अंधार, सगळं टायमरवर. उजेडाचं वेळापत्रक हललं की मादीचं चक्र हलतं, आणि मग आपण औषधाचा परिणाम मोजतोय की ट्यूबलाइटचा, ते सांगता येत नाही. चप्पल बाहेर, गाऊन, टोपी, मास्क. आमचे अटेंडंट काका या खोलीत माझ्या कितीतरी आधीपासून आहेत. ते दारातच सांगतात, "तेवीस आहे बघा री मॅडम. रात्री लाइट गेलती, पण जनरेटर लागला." भिंतीवरच्या वहीत तापमान, आर्द्रता, सही.

आज काढ्याचा शेवटचा दिवस. उद्या रक्त, अंडाशय, गर्भाशय. म्हणून आजचा स्मिअरही शेवटचा.

साडेसात ते साडेनऊ

तीस माद्या, पाच गट, गटात सहा. ओळख पिक्रिक अ‍ॅसिडच्या पिवळ्या ठिपक्यावरून: डोक्यावर, पाठीवर, शेपटीवर, दोन ठिकाणी, नाहीतर कुठेच नाही. एका हातात मादी, दुसऱ्या हातात ड्रॉपर. ०.९ टक्के मिठाच्या पाण्याचे दोन-तीन थेंब योनीत सोडायचे, तेच परत ओढून घ्यायचे, स्लाइडवर ठेवायचे. हा स्मिअर. टोक खोल जाऊ द्यायचं नाही. गर्भाशयमुखाला धक्का बसला तर मादीला आपण गाभण आहोत असं वाटतं आणि पुढचे बारा-चौदा दिवस तिचं चक्र थांबतं. इतक्या दिवसांची नोंद एका घाईच्या हाताने वाया जाते. नवीन मुलांना मी औषध पाजायला लवकर देते, स्मिअर मात्र उशिरा.

स्लाइड रंगवायची गरज नसते. चक्र चार-पाच दिवसांचं. गोल, केंद्रक दिसणाऱ्या पेशींचे पुंजके म्हणजे प्रोइस्ट्रस. त्याच दुपारी एलएच संप्रेरकाची लाट येते आणि रात्रीतून बीज सुटतं. केंद्रक नसलेल्या, उन्हात वाळत घातलेल्या पोह्यांसारख्या पातळ, कडा दुमडलेल्या पेशी दिसल्या की इस्ट्रस. मग सगळ्यांची भेसळ, आणि शेवटी बारीक पांढऱ्या पेशींनी भरलेलं डायइस्ट्रस. लेट्रोझोलने आजारी पडलेली मादी या शेवटच्या टप्प्यात अडकून बसते. रोज तीच स्लाइड, नुसत्या पांढऱ्या पेशी.

ही युक्ती जुनी आहे. स्टॉकार्ड आणि पापानिकोलाऊ यांनी १९१७ साली ती गिनीपिगमध्ये दाखवली, लाँग आणि इव्हान्स यांनी १९२२ मध्ये उंदरांत. बायकांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आज जी पॅप टेस्ट करतात, ती याच पापानिकोलाऊंची. आणि फार लांब जायला नको. इथे धारवाडला कर्नाटक विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाने याच ड्रॉपरने उलट प्रश्न विचारला होता: शेतात वापरतात त्या कार्बोफ्युरान, मॅन्कोझेबसारख्या औषधांनी मादीचं चक्र आणि अंडाशय कसं बिघडतं? बरं करणारं शोधा नाहीतर बिघडवणारं, सकाळ अशीच जाते.

स्लाइडवर गटाचं नाव मी घालू देत नाही. काका त्यांच्या क्रमाने ट्रे लावतात, कागद सरांच्या कपाटात जातो, मी नुसते आकडे वाचते. काढा तपकिरी आणि औषधाशिवाय नुसतं द्यायचं सीएमसीचं पाणी पांढरट, त्यामुळे पाजताना कोण कुठल्या गटातली हे मला कळतंच. निदान वाचताना तरी कळू नये. गेले काही दिवस ट्रेमध्ये ‘पोहे’ वाढलेत. मनात लगेच येतं, काढा चालला. म्हणूनच तो कागद कपाटात बरा.

दहा

औषध पाजणं. पुढे गोळी असलेली बोथट सुई, किलोमागे १० मिलीपेक्षा जास्त द्रव नाही. मान सरळ धरली की सुई आपल्या वजनाने उतरते. ढकलावी लागली तर ती चुकीच्या नळीत आहे. तासाभरात काम उरकतं.

लेट्रोझोलची गंमत मात्र सांगायला हवी. आम्ही किलोमागे १ मिलिग्रॅम असं सलग २१ दिवस देतो. उंदराचा डोस माणसात बदलायला ६.२ ने भागतात. त्या हिशेबाने साठ किलोच्या बाईला रोज साडेनऊ-दहा मिलिग्रॅम, म्हणजे अडीचच्या जवळजवळ चार गोळ्या. इस्ट्रोजेन तयार होण्याची वाट बंद, पुरुषी संप्रेरकं साठतात, अंडाशयात पाण्याच्या गाठी होतात. हाच आमचा ‘पीसीओएस’. आणि खरा पीसीओएस असलेल्या, मूल हवं असलेल्या बाईला डॉक्टर बीज सुटावं म्हणून काय देतात? लेट्रोझोलच, फक्त पाच दिवस. आपल्या सरकारने २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्यावर बंदी घातली, २०१७ मध्ये ती उठली, आणि आज बीज सुटण्यासाठी पहिलं नाव त्याचंच घेतात. एकच गोळी एकीकडे रोग आणि दुसरीकडे औषध. आमच्या उंदरिणीला झालेला आजार हा बाईच्या आजाराचा फोटो नव्हे, हातानं काढलेलं चित्र आहे. थीसिसमध्ये हे वाक्य असं लिहू देत नाहीत.

साडेअकरा

वरच्या मजल्यावर फार्माकॉग्नोसीची लॅब. पुढच्या बॅचसाठी सालीचं नवीन पोतं आलंय. दुर्गदबैलच्या बाजारात अशोकाची साल म्हणून काय काय मिळतं, हा वेगळ्या लेखाचा विषय. खऱ्या अशोकाची झाडं रानात कमी होत चालली आहेत. साल सोलली की झाड जातं. मग शाळा-ऑफिसांच्या कुंपणाला उभा असतो त्या उंच, सरळ, खोट्या अशोकाची साल पोत्यात येते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोघांचं काही नातं नाही: एक शेंगा धरणाऱ्यांच्या कुळातला, दुसरा सीताफळाच्या.

मी पोत्यातून वरचे तुकडे घेत नाही, हात कोपरापर्यंत घालते. खरी साल पन्हाळीसारखी वळलेली, बाहेरून खरखरीत, उठलेल्या गोल पुटकुळ्यांची. नखाने वरचा थर खरवडला की खाली पांढुरकी सलग रेघ दिसते. जिभेला लावली की तुरटपणाने तोंड कोरडं पडतं. आज वरचे तुकडे असेच होते. खालच्या थरातून आलेले चार मात्र मोडताना तुटेनात, दोऱ्या निघाल्या. पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला: तंतूंचे एकाआड एक पट्टे. खोटा अशोक. पोतं परत.

यात तक्रारीचा सूर लावायची मला इच्छा नाही, कारण विकणाऱ्यालाही पुष्कळदा माहीत नसतं. पण ‘अशोकाचा परिणाम’ म्हणून छापलेले प्रबंध वाचताना मी आधी एकच गोष्ट बघते: साल कुणी ओळखली आणि नमुना कुठे जपून ठेवला. ते नसेल तर पुढचे आलेख बघायचे कष्ट मी घेत नाही.

दुसरा माझा हट्ट काढ्याचा. बहुतेक जण साल मिथेनॉलमध्ये नाहीतर अल्कोहोलमध्ये उतरवतात, कारण अर्क घट्ट येतो. पण कुठल्या आजीने सुनेला मिथेनॉल पाजलंय? शार्ङ्गधराच्या रीतीने सोळापट पाणी आणि आठवा भाग उरेपर्यंत आटवणं, हे आम्ही करतो. डोसही काढ्यावरूनच ठरतो. काढ्यासाठी सालीचं प्रमाण २० ते ३० ग्रॅम सांगितलंय. २० ग्रॅमला ०.०१८ ने गुणलं की २०० ग्रॅमच्या उंदरिणीचा वाटा ०.३६ ग्रॅम, किलोमागे १.८ ग्रॅम साल. सालीचा दहावा भाग अर्कात उतरला असं धरलं तर किलोमागे १८० मिलिग्रॅम. आमचा खालचा डोस २०० आहे. प्रबंधांतून ५००, १००० सर्रास दिसतात. तेवढं पोटात जायला बाईला जवळजवळ तिप्पट ते साडेपाचपट काढा प्यावा लागेल.

दीड

डबा उघडला की बेळगावहून मावशीचा फोन. तिच्या मुलीला पीसीओडी, म्हणजे तोच पीसीओएस, निघालाय.

"अगं, अशोकारिष्ट सुरू करू का तिला? शेजारच्या वहिनींच्या सुनेला दोन महिन्यांत पाळी आली."

"मावशी, सोनोग्राफी केलीस ना? साखर, थायरॉइड?"

"केलंय गं सगळं. डॉक्टर म्हणतात वजन उतरव. तुझे उंदीर काय म्हणतात ते सांग की."

"उंदीर अजून काही म्हणाले नाहीत."

"इतकी वर्षं झाली!"

मावशीला मी खरं उत्तर देऊ शकले नाही, कारण ते फोनवर मावत नाही. आयुर्वेदात अशोकाची साल प्रामुख्याने अंगावरून जास्त जाण्यावर, रक्तप्रदरावर सांगितलीय. आणि उंदरिणीला पाळी येतच नाही. तिच्या गर्भाशयाचं अस्तर रक्तासकट गळून पडत नाही, आतल्या आत जिरतं. पाळी येते ती माणसाला, माकडांच्या काही जातींना, काही वटवाघळांना आणि आफ्रिकेतल्या हत्तीचिचुंद्रीला. उंदरांत एक सापडला, अ‍ॅकोमिस नावाचा काटेरी उंदीर, ऑस्ट्रेलियात मोनाश विद्यापीठातल्या लोकांना २०१६ साली. आमच्याकडे आहेत साध्या विस्टार उंदरिणी. म्हणजे ज्या तक्रारीसाठी बाया शेकडो वर्षं अशोक घेत आल्या, तो प्रश्न माझ्या पिंजऱ्यात विचारताच येत नाही. मी विचारते तो शेजारचा: बीज सुटतं का, चक्र फिरतं का, गाठी कमी होतात का. मुंबईच्या रुईया महाविद्यालयातल्या संशोधकांनी लोध्राच्या सालीला लेट्रोझोलच्याच उंदरिणींमध्ये २०१३ साली असाच प्रश्न विचारला होता. प्रश्न रास्त आहे. पण उत्तर आलं की लोक ते मूळ प्रश्नाला चिकटवतात, आणि बाटलीवर ‘संशोधनाने सिद्ध’ लागतं.

तीन

कागद. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेली केंद्राची समिती, आणि तिच्या १९९८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत प्राणी नैतिकता समिती. आमच्या समितीत पशुवैद्य आहेत, बाहेरचे शास्त्रज्ञ आहेत, केंद्राने नेमलेले सदस्य आहेत आणि शास्त्राशी संबंध नसलेला एक सामाजिक भान असलेला सदस्यही. बैठकीत सगळ्यात अडचणीचे प्रश्न हे शेवटचे सदस्य विचारतात. मागे त्यांनी विचारलं, "आधी कुणी करून बघितलेलं पुन्हा का करायचं? तेवढे उंदीर वाचतील." मी सालीची गोष्ट सांगितली. पटली असावी, पण त्यांनी लगेच विचारलं की विषारीपणाची चाचणी माद्यांवरच का. माद्या साधारण थोड्या जास्त संवेदनशील असतात, म्हणून ओईसीडीच्या ४२३ क्रमांकाच्या पद्धतीत माद्या घेतात; एका वेळी तीनच, ते कमी प्राण्यांत भागावं म्हणून. "म्हणजे इथंही बायकाच," ते म्हणाले. इतिवृत्तात हे आलं नाही.

आज पुढच्या बॅचचा फॉर्म-बी भरायचा होता. रकाना प्राण्यांच्या संख्येचा: ३०, आणि कारण.

पावणेपाच

सरांनी कपाट उघडलं. स्मिअरचे आकडे आणि काकांचे ट्रेचे कागद शेजारी ठेवून आम्ही एकेक ओळ जुळवली. नुसतं सीएमसी घेणाऱ्या निरोगी गटाचं चक्र व्यवस्थित. ज्यांना लेट्रोझोल देऊन पुढे काहीच औषध दिलं नाही, त्या दुसऱ्या गटात शेपटीवर ठिपका असलेली आणि बिनठिपक्याची, दोघी शेवटच्या आठवड्यात आपणहून फिरायला लागल्या होत्या. डायइस्ट्रस, डायइस्ट्रस, डायइस्ट्रस, मग प्रोइस्ट्रस, मग ते पोहे. ज्या स्लाइड बघून मी मनात काढ्याला श्रेय दिलं, त्यांतल्या काही यांच्या होत्या.

लेट्रोझोल थांबवलं की शरीर हळूहळू सावरतं, हे पुस्तकात आहे. पण किती दिवसांत, हे आमच्या खोलीत, आमच्या उजेडात, आमच्या जातीच्या माद्यांमध्ये नोंदवलेलं नव्हतं. शेजारच्या वहिनींच्या सुनेबद्दल मला आता मावशीला काहीतरी सांगता येईल, पण तिला ते आवडणार नाही.

सर म्हणाले, "काढ्याच्या गटांचा हिशेब उद्या अंडाशयं बघून मांडू. आज नको." मग फॉर्मकडे बघून म्हणाले, "तीसच लिहिलेस?"

मी ३० खोडून ३६ केले. कारणाच्या रकान्यात लिहिलं: लेट्रोझोल थांबवल्यानंतर कोणतंही औषध न देता आणखी दोन आठवडे पाहण्यासाठी सहा माद्यांचा वेगळा गट, चक्र आपोआप पूर्ववत होण्याचा वेग कळल्याशिवाय काढ्याचा परिणाम वेगळा काढता येणार नाही. सरांनी खाली सही केली. काका सहाच्या आत पिंजऱ्यांतला मक्याचा भुगा बदलून निघायच्या घाईत होते; जाताना विचारून गेले, "मॅडम, नवीन सहा म्हणजे दोन पिंजरे जास्त लागतील ना री?"