पडद्यावरील मांडणी : आधी जागा, मग गट, शेवटी हालचाल

संगणकाच्या साहाय्याने पडद्यावर माहिती सादर करण्याची पद्धत आज मंत्रालयापासून ग्रामसभेपर्यंत रूढ झाली आहे. १९८७ साली 'पॉवरपॉइंट' प्रथम बाजारात आले. 'लिबरऑफिस इम्प्रेस'सारखी विनामूल्य साधनेही आता उपलब्ध आहेत. साधन सुलभ झाले. तथापि स्लाइडवर कोणती गोष्ट कोठे आणि केव्हा दिसावी, याचा विचार पुरेसा होतोच असे नाही.

मांडणीचे महत्त्व

१ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' हे अमेरिकी अंतराळयान पृथ्वीवर परतताना नष्ट झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांना प्राणास मुकावे लागले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फोमचा तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास स्लाइडद्वारे वरिष्ठांपुढे ठेवला. त्यांतील एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. चाचणीतील तुकडा ३ घनइंचांचा, तर येथे विचारात घेतलेला १,९२० घनइंचांचा, ही बाब मात्र तळाच्या उपमुद्द्यात गेली होती. अशा स्लाइडवरून जीवितास असलेला धोका वरिष्ठांच्या ध्यानात न येणे सहज शक्य होते, असा अभिप्राय चौकशी मंडळाने त्याच वर्षीच्या अहवालात नोंदविला.

जागा आणि गट

गावाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडावयाचा आहे, असे समजू. पावसाचे पाणी, वाहून व वाफ होऊन जाणारे पाणी, पिण्याचे पाणी, पिकांची गरज आणि शिल्लक, अशा पाच चौकटी लागतील. त्या नजरेच्या अंदाजाने न ठेवता सर्व एकदम निवडून 'अलाइन'ने एका रेषेत आणाव्यात आणि 'डिस्ट्रिब्यूट'ने त्यांतील अंतर समान करावे. एक वस्तू दुसरीखाली झाकली गेल्यास 'ब्रिंग टू फ्रंट'ने ती पुढे आणता येते.

त्यानंतर प्रत्येक चौकट, तिचे चित्र व तिचा आकडा यांचा 'ग्रुप' करावा. पॉवरपॉइंटमध्ये त्यासाठी कंट्रोल आणि जी या कळा एकत्र दाबाव्या लागतात. गट केल्यावर तिन्ही वस्तू एकत्र सरकतात आणि आकडा आपल्या चौकटीपासून दुरावत नाही. गटातील मजकूर पुढे दुरुस्तही करता येतो.

हालचाल शेवटी

'ॲनिमेशन' देण्याचे काम शेवटीच करावे, यास व्यावहारिक कारण आहे. पॉवरपॉइंटमध्ये आधी हालचाल देऊन नंतर त्या वस्तूंचा गट केल्यास दिलेली हालचाल नाहीशी होते आणि श्रम वाया जातात.

हालचालीचे प्रयोजन शोभेचे नसून क्रमाचे आहे. 'ऑन क्लिक' निवडल्यास प्रत्येक चौकट सादरकर्त्याने कळ दाबल्यावरच प्रकट होते. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी, हा हिशेब पहिल्या चौकटीपाशी समजावून सांगता येतो. प्रत्येक टप्प्यावर ग्रामस्थांना शंका विचारण्यास अवसर मिळतो आणि अखेरीस दिसणारी शिल्लक वा तूट कशी आली, हे सर्वांना उमगते. गिरक्या घेणाऱ्या अक्षरांनी मात्र लक्ष विचलित होते; 'अपीअर' किंवा 'फेड' हे साधे प्रकार पुरेसे आहेत.

छापील प्रत

कागदावर हालचाल उमटत नाही. एकाच जागी आळीपाळीने दिसणाऱ्या वस्तू छापील प्रतीत एकमेकींवर येतात. सभेच्या कागदपत्रांत ही प्रत राहणार असल्याने हालचालीविनाही स्लाइड वाचता येईल, अशीच तिची रचना असावी.

रब्बीत कोणते पीक घ्यावे, नवी विंधनविहीर घ्यावी किंवा नाही, यांसारखे निर्णय अशाच आकड्यांवर होत असतात. म्हणूनच पाण्याची तूट असल्यास ती तळाच्या बारीक अक्षरांत न ठेवता मथळ्यातच स्पष्टपणे नमूद करणे, हे सादरकर्त्याचे कर्तव्य होय.