मेळघाटची वाट

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा एकमेकींत गुंतल्या आहेत. अनेक घाटांचा जेथे मेळ जमला आहे, तो हा मेळघाट. परतवाडा मागे पडले, की सपाट शेते संपतात आणि रस्ता वळणे घेत डोंगर चढू लागतो. घटांग ओलांडून तो सेमाडोहकडे उतरतो, पुढे कोलकासजवळ सिपना नदीची सोबत धरतो आणि हरिसालवरून धारणीस पोहोचतो.

या डोंगरांत सागाची झाडी विपुल आहे. सागाचे पान वितीहूनही मोठे असते व त्यावाटे झाडातील पाण्याची सतत वाफ होत असते. म्हणून उन्हाळ्यात पाणी दुर्मीळ झाले, की साग आपली पाने गाळून टाकतो. वैशाखात वठल्यासारखा दिसणारा हा वृक्ष वस्तुतः काटकसरीने जगत असतो. मृगाचा पाऊस पडताच तो पुन्हा हिरवागार होतो.

वाघ, बिबळ्या, गवा, अस्वल व सांबर यांचे हे घर आहे. भारत शासनाने १९७३ साली व्याघ्र प्रकल्प आरंभला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाट होते. परंतु भरधाव मोटारीतून यांपैकी काहीच दिसत नाही. अरण्य पाहण्याची विद्या निराळी आहे आणि ती येथील कोरकू लोकांपाशी आहे.

समोरासमोर दोन ओळींत घरे बांधून राहणारे हे लोक. त्यांची भाषा स्वतंत्र आहे. सागाला ते 'सिपना' म्हणतात व वाघाला 'कुला'. वनखात्याची अनुमती घेऊन त्यांच्यातील वाटाड्याबरोबर पायी निघावे, म्हणजे कालचा अनोळखी माणूस आज आपला गुरू होतो. धुळीतील ठसा दाखवून तो सांगतो, "नखे उमटली नाहीत, म्हणजे हा कुत्रा नव्हे, वाघ चालताना नखे आत ओढून घेतो." इतक्यात झाडावरचे वानर ओरडते आणि खाली चरणारी चितळे कान टवकारतात. वानराला उंचावरून दूरचे दिसते, चितळाला वास लवकर येतो; म्हणून दोघे एकमेकांचे पहारेकरी.

धीराने पाहणाऱ्यास अरण्य काय देते, याचे उदाहरण म्हणजे रानपिंगळा. हा लहानसा पक्षी १८८४ नंतर शास्त्रज्ञांना आढळला नव्हता. तो नामशेष झाला, असेच सर्वांनी मानले. १९९७ साली नंदुरबार भागात शहाद्याजवळच्या रानात तो पुन्हा दिसला व पुढे मेळघाटातही सापडला.

मेळघाटातील रस्ता माणसाने बांधला. पण त्याला छेदून जाणाऱ्या पशूंच्या वाटा त्याहून जुन्या आहेत. म्हणून येथे वाहन सावकाश न्यावे, कर्णा वाजवू नये. वानरांना खाऊ टाकणे ही दया नव्हे. त्या लोभाने ती रस्त्यावर येतात आणि चाकाखाली सापडतात. दुसऱ्याच्या घरातून जाताना आपण पाऊल हलके टाकतो. अरण्यातही तीच रीत पाळावी.