खर्जाचं ओझं

१९४७ साली जमैकाच्या किंग्स्टन शहरात हेडली जोन्स नावाच्या रेडिओ-दुरुस्तीवाल्याने आपल्या रेकॉर्डच्या दुकानासाठी एक ॲम्प्लिफायर बांधला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलात असताना तो रडारचं तंत्र शिकला होता. आता त्याला एवढंच हवं होतं, की रस्त्याने जाणाऱ्याने गाणं ऐकून थबकावं, आत यावं आणि रेकॉर्ड विकत घ्यावी. आवाज ऐकून भारावलेल्यांत टॉम वाँग हा हार्डवेअरचा दुकानदारही होता. त्याने तसलाच संच स्वतःसाठी करून मागितला. ‘टॉम द ग्रेट सेबॅस्टियन’ या भारदस्त नावाने तो मग गावभर नाचाचे कार्यक्रम वाजवू लागला. जमैकन साउंड सिस्टिमची, म्हणजे अशा फिरत्या नाच-संचांची, गोष्ट सांगताना आजही बहुतेक जण सुरुवात इथूनच करतात.

वाद्यवृंद बोलवायचा तर दहा-पंधरा माणसांचा मेहनताना, शिवाय त्यांचं खाणंपिणं. रेकॉर्डला यातलं काहीच लागत नाही. प्रश्न होता तो मोकळ्या हवेचा. किंग्स्टनचे नाच उघड्या आवारांत चालत. बंद खोलीत भिंती खर्जाला थोडाफार हात देतात. उघड्यावर तो आधार नाही, आवाज चहूकडे पांगतो. त्यात माणसाचा कान खालच्या सुरांना मुळातच मंद. म्हणजे खर्ज नुसता ऐकू येऊन भागत नव्हतं, तो छातीत धडकायला हवा होता. त्यासाठी स्पीकरची खोकी वाढत गेली.

खोकं मोठंच का लागतं, याचं उत्तर हवेत आहे. ५० हर्ट्‌झच्या सुराची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. तिला नीट बाहेर काढायचं तर कर्ण्याचा मार्गही काही हात लांब हवा. तेवढा सरळ कर्णा घेऊन फिरणार कोण? म्हणून तो घड्या घालून खोक्यातच कोंबतात. ब्रिटनमधल्या साउंडवाल्यांचं लाडकं ‘स्कूप’ हे असंच खोकं. वरच्या बाजूला १८ इंची स्पीकर समोर तोंड करून बसलेला असतो. त्याच्या पाठीमागे ढकलली जाणारी हवा आतल्या बोळातून वळत, रुंदावत खालच्या मोठ्या तोंडातून बाहेर पडते. कोन पुढे गेला काय, मागे आला काय, दोन्ही हालचाली कामी लागतात.

हे सुतारकाम बघण्यासारखं असतं. आतल्या पाठीची फळी गोलाईत हवी असते आणि प्लायवुड सहजी वाकत नाही. मग कोणी पातळ प्लायचे थर एकावर एक चिकटवत गोलाई आणतं, कोणी जाड फळीच्या मागच्या अंगाला करवतीने जवळजवळ समांतर खाचा पाडतं, त्या गोंदाने भरतं आणि फळी साच्यावर दाबून वाकवतं. प्रत्येक सांध्यात गोंद, प्रत्येक वितीवर स्क्रू. आतून आडव्या-उभ्या पट्ट्या ठोकायच्या, कारण फळीच थरथरायला लागली तर स्पीकरची ताकद तिला हलवण्यातच खर्ची पडते. सगळं झालं की खालचा एक सूर सोडायचा आणि ओला तळहात कडेकडेने फिरवायचा. फट राहिली असेल तिथे वारा हाताला कळतो. अशी फट चालू गाण्यात फुरफुरते, आणि सुतार कोण होता याची चौकशी तिथेच सुरू होते.

आता वजन. ८ बाय ४ फुटांचा १८ मिलिमीटर जाडीचा बर्च प्लायवुडचा एक तक्ता साधारण ३६ किलोंचा. मोठ्या खोक्याला असे दोन तरी हवेतच. स्पीकरचं लोखंड आणि चुंबक यांचे आणखी दहा-बारा किलो धरा. वाया गेलेले तुकडे वजा केले तरी खोकं सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात जातं. असं एक खोकं करून कोणी थांबत नाही. दोन खोकी बिलगून रचली, की खालच्या सुरांसाठी ती एकच मोठं तोंड असल्यासारखी वागतात. खोकी दुप्पट, वीजही दुप्पट, की खर्ज सहा डेसिबलच्या आसपास चढतो. या हिशोबाची चटक लागली की पुढे पाठदुखी ठरलेलीच.

साउंड सिस्टिमचा इतिहास सांगताना लोक गायकांची आणि रेकॉर्ड बदलणाऱ्यांची नावं घेतात. ही खोकी उचलणाऱ्या ‘बॉक्समन’चं नाव क्वचितच येतं. खरं तर त्याच्यावाचून यातलं काहीच चाललं नसतं. आजचा नाच एका आवारात, उद्याचा दुसऱ्या. पन्नाशीच्या दशकात माजी पोलीस ड्यूक रीड आणि क्लेमंट ‘कॉक्सन’ डॉड यांच्यात चढाओढ लागली, तेव्हा आवाजाइतकाच सामानाच्या आकाराचाही दरारा होता. रेडिओ-दुरुस्तीच्या कामातून आलेल्या किंग टबीने आपल्या ‘होमटाउन हाय-फाय’साठी ॲम्प्लिफायर स्वतः बांधले. डब संगीताची त्याची पुढची करामत याच हातोटीतून आली. पण ट्रक आला, की टबीच्या कल्पकतेलाही चार खांदे लागतच.

विन्सेंट फोर्ब्स, म्हणजे ‘ड्यूक विन’, किंग्स्टनमध्ये टॉमच्या संचावर रेकॉर्ड लावायचा. १९५४ मध्ये तो जहाजात लपून इंग्लंडला पोचला आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्याने तिथली पहिली जमैकन साउंड सिस्टिम उभी केली. कॅरिबियन माणसाला तेव्हाच्या क्लबांत दाराबाहेरच अडवलं जाई. मग नाच घरांत आणि तळघरांत. तिथल्या अरुंद जिन्यांशी खोक्यांचं वैर जडलं. सुरुवातीच्या काळात जुन्या कपाटांच्या फळ्यांतूनही खोकी निघाली. पुढच्या दशकांत यॉर्कशरमधलं कापडगिरण्यांचं हडर्सफील्ड या उद्योगाचं मोठं ठाणं झालं. तिथल्याच मॅटॅम्प कंपनीने व्हॉल्व्हचे दणकट ॲम्प्लिफायर बनवले आणि साउंडवाल्यांनी ते डोक्यावर घेतले. डोक्यावर घेणं शब्दशः अवघडच, कारण आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे ॲम्प्लिफायरही काही हलके नसत.

लंडनमधल्या नॉटिंग हिलच्या कार्निव्हलमध्ये संयोजक लेस्ली पामरने १९७३ मध्ये साउंड सिस्टिमना रस्त्याच्या कडेला मुक्काम करू दिला. हा मुक्काम महत्त्वाचा आहे. तिथे खोकी जमिनीवर उतरवून, रचून, एका जागी वाजतात आणि लोक त्यांच्याकडे येतात. महाराष्ट्रात नेमकं उलटं झालं. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडची ‘डॉल्बी’ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढते, सोबत जनरेटर जोडते आणि मिरवणुकीबरोबर चालू लागते. इथे खोकं जमिनीला लागतच नाही. म्हणून दोरखंड आणि पट्टे यांचं महत्त्व वाढतं. रस्त्याला उतार आहे का, वरून तारा किती खाली आल्यात, हे बघणारा माणूस ट्रॉलीवर उभाच असतो. खर्जाची ‘बेस’ खोकी खाली, वरच्या सुरांची ‘टॉप’ वर, ही रचना मात्र किंग्स्टनपासून कागलपर्यंत सारखीच.

कायदाही दोन्हीकडे पाठोपाठ आलाच. जमैकाच्या १९९७ च्या ध्वनी-नियंत्रण कायद्याने एरवी मध्यरात्री आणि शनिवार-रविवारी पहाटे दोनला आवाज थांबवायला लावला. भारतातले २००० चे नियम रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद ठेवायला सांगतात. लाट लांब असल्यामुळे खर्ज भिंतीआड सहज जातो. वरचे सूर अडतात, हा अडत नाही. त्यामुळे शेजारपाजारच्या तक्रारींतही पहिला उल्लेख बेसचाच असतो, आणि तो रास्त आहे. हृदयरोगी आणि तान्ह्या मुलांच्या घरासमोर कारागिरीचं कौतुक सांगण्यात अर्थ नसतो.

भारतात या परंपरेची नक्कल नव्हे, पण उघड नातं सांगणारी माणसंही आहेत. दिल्लीचा तारू दालमिया, म्हणजे ‘दिल्ली सल्तनत’ या नावाने गाणारा कलाकार, आणि त्याच्या साथीदारांनी जमैकन धाटणीचा संच हाताने बनवून घेतला आणि सभा-मोर्चांत वाजवला. गोव्यात २०१६ पासून ‘गोवा सनस्प्लॅश’ हा रेगे महोत्सव भरू लागला. निओडायमियम चुंबकांमुळे स्पीकर आता काही किलोंनी उतरला आहे. प्लायवुड मात्र तेवढंच जड आहे.

नॉटिंग हिल कार्निव्हलचा संगीताचा वेळ संध्याकाळी सातला संपतो आणि हमालांचा सुरू होतो. आधी टॉप उतरतात, मग मधले, शेवटी तळाचे बेस. त्याच क्रमाने भरलं तर बेस गाडीच्या दाराशी येतात, आणि पुढच्या ठिकाणी तेच आधी लागत असल्याने ते सोयीचं पडतं. ड्रायव्हरला हे पटत नाही. एवढं वजन मागच्या चाकांच्या पलीकडे लोंबलं, तर पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंग नीट लागत नाही, असं त्याचं म्हणणं. तो बेस आत, केबिनलगत मागतो. मग टॉपची गाडीत चढवलेली खोकी परत खाली उतरवायची की नाही, यावर दाराशी वाद रंगतो.