बारा नंबरची जर्सी

टेक्सास राज्यातलं एडिनबर्ग हे मेक्सिकोच्या सीमेलगतचं शहर. २९ जानेवारी २०२० रोजी तिथे कॅनडा आणि सेंट किट्स अँड नेव्हिस यांच्या महिला फुटबॉल संघांमध्ये ऑलिम्पिक पात्रता फेरीचा सामना झाला. कॅनडाने तो ११-० असा जिंकला. सातव्या मिनिटाला क्रिस्टीन सिंक्लेअरने पेनल्टीवर गोल केला आणि अमेरिकेच्या ॲबी वॉम्बॅकचा १८४ आंतरराष्ट्रीय गोलांचा विक्रम गाठला. तेविसाव्या मिनिटाला तिचा दुसरा गोल झाला आणि विक्रम तिच्या नावावर आला. पुरुषांमधला सर्वोच्च आकडा त्या वेळी इराणच्या अली दाईचा होता, १०९. पुढे रोनाल्डोने तो मागे टाकला; पण सिंक्लेअर जिथे थांबली त्या १९० पर्यंत अजून कुणीही पोहोचलेलं नाही, ना बाई, ना पुरुष.

समोरचा संघ दुबळा होता, हे खरंच आहे. उत्तर आणि मध्य अमेरिकेच्या पात्रता फेऱ्यांमध्ये असे सामने होतात आणि अनेक विक्रमी खेळाडूंच्या आकड्यांत त्यांचा वाटा असतो. म्हणूनच मला वाटतं, सिंक्लेअरला समजून घ्यायचं तर आकडा थोडा बाजूला ठेवून ती कोणत्या संघासाठी आणि कोणत्या देशातून खेळत होती ते पाहावं. स्वतःची व्यावसायिक महिला लीगच नसलेल्या देशाची ती खेळाडू होती. तिची जवळजवळ सगळी कारकीर्द त्या उणिवेच्या सावलीत गेली.

जन्म १२ जून १९८३ चा, व्हँकूवरला खेटून असलेल्या बर्नाबीत. घरात फुटबॉल होताच. आईचे दोन भाऊ, ब्रायन आणि ब्रूस गँट, व्यावसायिक फुटबॉल खेळलेले. चार वर्षांची असताना ती सात वर्षांखालच्या मुलींच्या संघात उतरली. बेसबॉलही खेळायची, तेही मुलांच्या संघात. तिथला तिचा देव म्हणजे टोरांटो ब्लू जेजचा रॉबर्टो अलोमार. त्याचा नंबर बारा, म्हणून हिचाही बारा. आपल्याकडे गल्लीतल्या पोरांनी सचिनचा दहा नंबर पाठीवर मिरवावा, तसंच. फरक इतकाच, की तो बालपणीचा नंबर तिने पुढे तेवीस वर्षं देशाच्या जर्सीवर वागवला.

२००० च्या मार्चमध्ये पोर्तुगालच्या अल्गार्व्ह चषकात प्रशिक्षक इव्हन पेलेरुड यांनी तिला मैदानात उतरवलं, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. पहिला सामना चीनशी झाला. दुसऱ्या सामन्यात, नॉर्वेविरुद्ध, तिने पहिला आंतरराष्ट्रीय गोल केला. कॅनडाला ती खऱ्या अर्थाने कळली २००२ मध्ये, एकोणीस वर्षांखालील मुलींच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत. अंतिम सामन्यात एडमंटनच्या कॉमनवेल्थ स्टेडियमवर सत्तेचाळीस हजारांवर माणसं जमली. कॅनडा जादा वेळेतल्या गोलने अमेरिकेकडून हरला, पण दहा गोल करून सर्वाधिक गोल आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही किताब सिंक्लेअरने नेले.

यानंतर तिने खेळायचं कुठे? देशात लीग नव्हती. कॅनडाच्या गुणी मुलींपुढे तेव्हा अमेरिकी विद्यापीठाची शिष्यवृत्ती हाच मुख्य रस्ता होता. सिंक्लेअर २००१ मध्येच सीमा ओलांडून ओरेगनमधल्या पोर्टलंड विद्यापीठात गेली होती. तिथले प्रशिक्षक क्लाइव्ह चार्ल्स कर्करोगाशी झुंजत होते. २००२ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोर्टलंडचे दोन्ही गोल तिचेच होते आणि दुसऱ्या गोलने जादा वेळेत विजेतेपद मिळवून दिलं. पुढच्याच वर्षी चार्ल्स गेले. २००५ मध्ये तिने एका हंगामात ३९ गोल केले आणि विद्यापीठाला पुन्हा विजेतेपद मिळवून दिलं.

तिचे गोल पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. तिचा जोर ताकदीवर नसे, वेगाचाही तिने कधी बडेजाव केला नाही. दोन्ही पायांनी सारख्याच सफाईने मारणं, ही तिची मोठी ठेव. बचावपटूला उजवी-डावी बाजू ओळखून तिला अडवता येत नसे. चेंडू पायाशी येण्याआधी मान किंचित वळायची, पहिल्या स्पर्शातच चेंडू मारायच्या जागी सरकलेला असायचा आणि दुसरा स्पर्श म्हणजे थेट गोल. गोलनंतरचा आनंदही तसाच मोजका. स्वभावाने ती लाजाळू. माइकसमोर अवघडणारी ही मुलगी कर्णधार म्हणून मैदानात मात्र तसूभरही मागे हटत नसे.

२६ जून २०११, बर्लिन. विश्वचषकाच्या सलामीला कॅनडासमोर यजमान जर्मनी. सामन्यात जर्मन खेळाडूचं कोपर लागून सिंक्लेअरचं नाक मोडलं. मैदानाबाहेर नेऊन उपचार केले, पण ती बाहेर बसायला तयार होईना. परत आली आणि ब्याऐंशीव्या मिनिटाला भिंतीवरून वळवलेली फ्री किक तिने थेट जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात धाडली. २००७ चा संपूर्ण विश्वचषक जर्मनीने एकही गोल न खाता जिंकला होता. सामना कॅनडाने २-१ असा गमावला. पुढचे दोन्ही सामनेही हरले आणि सोळा संघांत कॅनडा सोळावा आला. त्या स्पर्धेत कॅनडाचा एकुलता एक गोल झाला, तो हाच.

आणि मग ओल्ड ट्रॅफर्ड. लंडन ऑलिम्पिकची उपांत्य फेरी, ६ ऑगस्ट २०१२. आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती. समोर अमेरिका. बाविसाव्या मिनिटाला सिंक्लेअरने बचाव चुकवून पहिला गोल केला. अमेरिकेच्या मेगन रॅपिनोने कॉर्नरवरून मारलेला चेंडू थेट जाळ्यात गेला आणि बरोबरी झाली. सदुसष्टाव्या मिनिटाला सिंक्लेअरचा हेडर, २-१. सत्तराव्या मिनिटाला पुन्हा रॅपिनो. त्र्याहत्तराव्या मिनिटाला पुन्हा सिंक्लेअर, पुन्हा हेडर, ३-२. जगातल्या सर्वांत बलाढ्य संघाविरुद्ध ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत एकटीने तीन गोल, आणि तिन्ही वेळा कॅनडा पुढे.

त्यानंतर जे घडलं त्याची कॅनडात अजून चर्चा होते. गोलरक्षकाने चेंडू हातात सहा सेकंदांहून जास्त धरू नये असा नियम होता, पण पंच सहसा तो लावत नसत. ॲबी वॉम्बॅक मात्र पंचांना ऐकू जाईल अशा आवाजात सेकंद मोजत होती. नॉर्वेच्या पंच क्रिस्टीना पेडरसन यांनी कॅनडाची गोलरक्षक एरिन मॅक्लिओडवर नियम लावला आणि अमेरिकेला अप्रत्यक्ष फ्री किक दिली. तो फटका कॅनडाच्या बचावपटूच्या हाताला लागला, म्हणून पेनल्टी. वॉम्बॅकने ती मारली, ३-३. जादा वेळ संपत आला असताना, १२३ व्या मिनिटाला, ॲलेक्स मॉर्गनच्या हेडरने अमेरिका जिंकली.

नियम पुस्तकात होता, तेव्हा निर्णय बेकायदा नव्हता. तरी माझं मत स्पष्ट आहे: वर्षानुवर्षं न लावलेला नियम उपांत्य फेरीच्या ऐंशीव्या मिनिटाच्या सुमारास काढून लावणं न्याय्य नव्हतं. २०२५ मध्ये तो नियमच बदलला. आता मर्यादा आठ सेकंदांची आहे आणि ती ओलांडली तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. सामन्यानंतर पंचांविषयी तिखट बोलल्याबद्दल सिंक्लेअरवर चार सामन्यांची बंदी आली. कांस्यपदकाच्या सामन्यात मात्र ती होती. डायना मॅथेसनने फ्रान्सविरुद्ध भरपाई वेळेत गोल केला आणि १९३६ नंतर प्रथमच उन्हाळी ऑलिम्पिकच्या सांघिक खेळात कॅनडाला पदक मिळालं. स्पर्धेत सर्वाधिक सहा गोल सिंक्लेअरचे होते. तरीही वर्षाअखेर जगातल्या सर्वोत्तम महिला खेळाडूच्या अंतिम तिघींत तिचं नाव नव्हतं. हे मला आजही खटकतं.

क्लबच्या बाजूने तिचं आयुष्य अस्थिर होतं. २०१० मध्ये एफसी गोल्ड प्राइडने तिच्यासह अमेरिकी लीग जिंकली आणि दोन महिन्यांच्या आत क्लबला टाळं लागलं. पुढच्या वर्षी वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅशकडून तिने पुन्हा विजेतेपद मिळवलं, त्यानंतर ती लीगच बंद पडली. विजेतेपद जिंकूनही पुढच्या हंगामाची शाश्वती नाही, अशी ती वर्षं. २०१३ पासून पोर्टलंड थॉर्न्स हे तिचं घर झालं आणि तिथे तिने तीनदा विजेतेपद पटकावलं.

टोकियो ऑलिम्पिकला ती अडतीस वर्षांची होती. उपांत्यपूर्व फेरीत ब्राझीलविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये तिची पेनल्टी अडवली गेली, तरी संघ तरला. पुढे काशिमात उपांत्य फेरीत पुन्हा अमेरिका. ०-० असताना कॅनडाला पेनल्टी मिळाली आणि सिंक्लेअरने चेंडू उचलला. सगळ्यांना वाटलं तीच मारणार. तिने तो तेवीस वर्षांच्या जेसी फ्लेमिंगच्या हातात दिला. फ्लेमिंगने गोल केला. अंतिम सामन्यात स्वीडनविरुद्ध पेनल्टी मिळाली ती सिंक्लेअरला पाडल्यामुळे. तीही फ्लेमिंगने मारली. पेनल्टी शूटआउटच्या वेळी सिंक्लेअर मैदानाबाहेर होती. जुलिया ग्रोसोच्या निर्णायक फटक्याने सुवर्णपदक आलं. तारीख ६ ऑगस्ट, ओल्ड ट्रॅफर्डनंतर बरोबर नऊ वर्षांनी.

इतकं होऊनही देशात लीग नव्हती आणि महासंघाशी मानधन, सोयी आणि समान वागणुकीचा झगडा चालूच होता. २०२३ च्या फेब्रुवारीत खेळाडू संपावर गेल्या, कायदेशीर कारवाईच्या इशाऱ्यामुळे मैदानात परतल्या आणि निषेधाचे जांभळे शर्ट घालून उभ्या राहिल्या. मार्चमध्ये सिंक्लेअर संसदेच्या समितीसमोर साक्षीला बसली. माइकसमोर अवघडणाऱ्या बाईने तिथे आपलं म्हणणं ठामपणे मांडलं. मला ते तिच्या कोणत्याही गोलइतकंच मोलाचं वाटतं.

५ डिसेंबर २०२३ रोजी व्हँकूवरमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ती कॅनडासाठी शेवटचं खेळली. बीसी प्लेस स्टेडियमला त्या रात्रीपुरतं तिचं नाव दिलं होतं आणि अठ्ठेचाळीस हजारांवर प्रेक्षक आले होते. ३३१ सामने, १९० गोल. त्या रात्री ती स्वतः गोल करू शकली नाही. कॅनडाचा विजयी गोल सहखेळाडू क्विन यांनी केला.

सोळा महिन्यांनंतर, १६ एप्रिल २०२५ ला, त्याच मैदानात नॉर्दर्न सुपर लीगचा पहिला सामना झाला. कॅनडाची स्वतःची, महिलांची व्यावसायिक लीग. ती उभी केली लंडनला कांस्यपदकाचा गोल करणाऱ्या डायना मॅथेसनने. व्हँकूवर राइज विरुद्ध कॅलगरी वाइल्ड, निकाल १-०. लीगच्या इतिहासातला पहिला गोल पेनल्टीवर झाला. तो केला क्विन यांनीच.