टेनिस रॅकेट

टेनिसच्या खेळात चेंडू टोलविण्याचे साधन. लंबगोल चौकट, तीत ताणून विणलेल्या ताती, गळा आणि मूठ हे तिचे मुख्य भाग होत. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांनुसार रॅकेटची लांबी ७३·७ सेंमी. व रुंदी ३१·७ सेंमी. यांपेक्षा अधिक असता कामा नये. वजनाला मात्र मर्यादा घातलेली नाही. त्यामुळे बाजारात परस्परांहून अगदी भिन्न गुणांच्या रॅकेटी मिळतात आणि हौशी खेळाडूला त्यांतून निवड करताना तुलनात्मक विचार करावा लागतो.

इतिहास : वॉल्टर विंगफील्ड यांनी १८७४ मध्ये लॉन टेनिसचे एकस्व मिळविले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे रॅकेटची चौकट प्रामुख्याने ॲश वृक्षाच्या लाकडाची असे व ताती जनावरांच्या आतड्यांपासून बनवीत. भारतीय उपखंडात सियालकोट हे क्रीडासाहित्याचे मोठे केंद्र होते. १९४७ च्या फाळणीनंतर तेथील अनेक कारागीर जालंदर येथे स्थायिक झाले. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथील सय्यद मोहम्मद हादी हे १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे टेनिस खेळले. पंडिता क्षमा राव यांच्या कन्या लीला राव यांनी १९३४ मध्ये विंबल्डन स्पर्धेतील सामना जिंकला. असा विजय मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. त्या काळातील लाकडी रॅकेटचे वजन सामान्यतः ३७० ते ४०० ग्रॅ. व तातींच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ सुमारे ४२० चौ. सेंमी. असे. दमट हवेत लाकूड वाकू नये म्हणून ती स्क्रू लावलेल्या लाकडी दाबपट्टीत आवळून ठेवीत. १९६० नंतर पोलादी व पुढे ॲल्युमिनियमच्या चौकटी आल्या. हॉवर्ड हेड यांनी १९७६ मध्ये मोठ्या तोंडाची रॅकेट प्रचारात आणली. १९८० नंतरच्या दशकात ग्रॅफाइटच्या हलक्या व ताठ चौकटींनी लाकडाची जागा घेतली.

गुणधर्मांची तुलना : तातींचे पृष्ठ मोठे असल्यास चेंडू मध्यापासून थोडा बाजूस लागला, तरी रॅकेट हातात कमी फिरते. म्हणून नवशिक्यास ६७५ चौ. सेंमी. किंवा त्याहून मोठे पृष्ठ सोयीचे पडते. नियमित खेळणाऱ्यास सुमारे ६४५ चौ. सेंमी. पुरते, तर ६१५ चौ. सेंमी. च्या आसपासच्या रॅकेटला अचूक फटक्याची सवय लागते. वजनाच्या बाबतीत २५५ ते २८० ग्रॅ. ची रॅकेट झटपट फिरविता येते. परंतु वेगवान चेंडूचा धक्का ती हाताकडे अधिक पोहोचविते. ३०५ ग्रॅ. पेक्षा जड रॅकेट स्थिर राहते, मात्र ती खेळाडूस लवकर थकविते. समतोलही महत्त्वाचा असतो. तोंडाकडे भार असलेली रॅकेट फटक्यास जोर देते, तर मुठीकडे भार असलेली जाळ्याजवळच्या खेळात चपळ ठरते. ताठ चौकट चेंडूस अधिक वेग देते, पण हादराही अधिक देते. लवचिक चौकटीत याच्या उलट घडते.

चेंडू तातींवर सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागाइतकाच काळ टेकतो. सैल ताती त्याला अधिक जोराने परत फेकतात व हाताला सुखावह वाटतात. ताठ ताती दिशेवर ताबा देतात. पॉलिएस्टरच्या ताती टिकाऊ असल्या, तरी कठीण असतात. व्यावसायिक खेळाडू त्या पसंत करतात. हौशी खेळाडूस बहुतंतू कृत्रिम ताती अधिक योग्य होत. अयोग्य मूठ, ताठ चौकट व कठीण ताती यांचा एकत्रित ताण कोपराच्या बाहेरील बाजूच्या स्नायुबंधांवर पडून ‘टेनिस एल्बो’ हा विकार बळावू शकतो. मुठीचा परीघ ठरविण्यासाठी तळहाताच्या मधल्या रेषेपासून अनामिकेच्या टोकापर्यंतचे अंतर मोजतात. प्रौढांत ते बहुधा १० ते ११·७ सेंमी. भरते.

हवामान व मैदान : बालाघाटच्या पठारावरील धाराशिव जिल्ह्यात उन्हाळ्यात तपमान ४०° से. च्या वर जाते व जून ते सप्टेंबर हे पावसाचे महिने असतात. अशा हवेत आतड्याच्या ताती पावसाळ्यात ओलाव्याने खराब होतात, तर उन्हात बंद मोटारीत ठेवलेल्या रॅकेटच्या कृत्रिम ताती लवकर ढिल्या पडतात. मुरमाच्या मैदानावरील बारीक खडे तातींना झिजवितात. सिमेंटच्या मैदानावर चेंडू वेगाने उसळत असल्याने हादरा शोषणारी चौकट हितावह ठरते.

निवड : आठवड्यातून दोनतीनदा खेळणाऱ्या प्रौढास साधारणतः ६४५ ते ६७५ चौ. सेंमी. पृष्ठाची, २७० ते ३०० ग्रॅ. वजनाची, मध्यम लवचिक रॅकेट पुरेशी होते. नामवंत खेळाडूंच्या नावाने विकल्या जाणाऱ्या रॅकेटी बहुधा बलवान व नियमित सराव असलेल्या हातासाठी घडविलेल्या असतात. त्यांची किंमत अधिक असली, तरी उपयुक्तता त्या प्रमाणात वाढत नाही. आठवड्यात जितक्या वेळा खेळ, तितक्या वेळा वर्षातून ताती बदलाव्यात, असा सर्वसाधारण संकेत आहे. जुन्या रॅकेटला नव्या ताती व नवे मूठवेष्टन चढविल्यास ती पुष्कळदा नव्या रॅकेटइतकीच कामास येते.